माथ्याच्या पाच ओळी

डूख धरावा तो एकोजीरावांनीच. तंजावरचा माणूस, बोलणं साखरेसारखं, पण मनात एकदा काही बसलं की ब्रह्मदेव आला तरी निघणार नाही. चेन्नईला गिंडीतल्या पंपांच्या कारखान्यात ते कॉम्प्युटर सांभाळत. डिग्री-बिग्री नव्हती. पण हजार ड्रॉइंगांची नावं एका दमात बदलायची, अडकलेला प्रिंटर सोडवायचा, नको असलेल्या फायली झाडून काढायच्या, अशा कामांच्या साठ-सत्तर छोट्या स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं द्यायचे हुकूम, त्यांनी आठ वर्षांत स्वतः लिहिल्या होत्या. प्रत्येकीच्या माथ्यावर आधी पिळ्ळैयार सुळी, म्हणजे तिकडे काहीही लिहिण्याआधी काढतात ती गणपतीची खूण. मग कुलदैवत, मग वडील, मग स्वतःचं नाव, आणि लगेच पाचव्या ओळीपासून काम सुरू.

दोन हजार चार साली पुण्याचा गंधार साहेब होऊन आला. आयत्या बिळावर नागोबा! त्यानं सगळ्या स्क्रिप्ट उचलल्या, माथ्याच्या पाच-पाच ओळी देवधर्म समजून उडवल्या, तिथे आपलं नाव ठोकलं आणि मालक गुरुमूर्तींना नेऊन दाखवल्या. वर एकोजीरावांनाच म्हणतो, "तुम्ही नुसती बटणं दाबत होता हो. मी नीट लिहून काढलं."

आठ वर्षांची मेहनत, आणि नाव या उपटसुंभाचं! एकोजीरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी त्यांनी गुपचूप त्या फायली उघडल्या. झाडणाऱ्या स्क्रिप्टची पाचवी ओळ देवाची नव्हतीच. 'आधी रद्दीच्या फोल्डरमध्ये जा, तो सापडला नाही तर थांब,' असं ती सांगायची. ती गेल्यावर आता स्क्रिप्ट जिथून चालवाल तिथलंच सगळं पुसणार होती. गुरुवारी गंधार ती मालकांसमोर चालवणार होता. एकोजीराव मूग गिळून बसले. बॅकअपची टेप शनिवारची होती. बुधवारी नवी घेता आली असती. घेतली नाही.

गुरुवारी गंधारनं ती नेमकी ड्रॉइंगांच्या फोल्डरमधूनच चालवली. दोन मिनिटांत फोल्डर रिकामा झाला. गुरुमूर्ती एकोजीरावांकडे वळले. "काही करता येईल?"

"ज्यानं लिहिलं त्याला विचारा, सार."

गंधारचा चेहरा उतरला. सगळं ऑफिस बघत होतं. शेवटी तो पुटपुटला, "एकोजीरावांनी लिहिलंय."

"ऐकू आलं नाही," एकोजीराव म्हणाले.

"सगळ्या स्क्रिप्ट एकोजीरावांच्या आहेत. मी चोरल्या. माफ करा."

मग एकोजीरावांनी कपाटातून टेप काढली. पाच वाजेपर्यंत शनिवारपर्यंतचं सगळं परत आलं. त्यानंतरचं नाही.

ड्रॉइंगं काढणाऱ्या कनकाचं चार दिवसांचं काम गेलं होतं. शुक्रवारी ते गिऱ्हाइकाला द्यायचं होतं, आणि त्याच दिवशी सकाळच्या गाडीनं ती बहिणीच्या लग्नाला निघणार होती.

"अण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"सोमवारपासून."

कनकानं घरी फोन करून येत नसल्याचं सांगितलं आणि कोरा पडदा उघडून पहिली रेघ ओढली. एकोजीरावांना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण गंधारची माफी त्याहून गोड लागत होती.