मशीनवरचा मारुती आणि जांभळा कोपरा

पाटोदा तालुक्यात सुग्रीवइतका हुशार माणूस नाही, हे कुणीही सांगेल. म्हणजे सुग्रीव सांगेल. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला घेतल्या, त्या जळाल्या, ती मोटारींची चूक. शेळ्या पाळल्या, त्या शेजारच्या कपाशीत शिरल्या, ती कपाशीची चूक. शेवटी बीडमधल्या एका बंद पडलेल्या दुकानातून त्यानं व्हिडिओ गेमचं मशीन आणलं. कपाटाएवढं लाकडी खोकं, आत जुनी पिक्चर ट्यूब, पुढं दांडी आणि बटणं. आणि नवल म्हणजे हे चाललं! खिशात मोबाइल असलेली पोरंसुद्धा जत्रेत त्या दांडीशी झटायला रांग लावायची. घर त्यावरच उभं होतं. त्याची बायको सत्यशीला याबद्दल देवाचे आभार मानायची, पण मनातल्या मनात. मोठ्यानं मानले असते तर सुग्रीवनं ते स्वतःकडं घेतले असते.

गावच्या जत्रेत एक पद्धत होती. जत्रेच्या सकाळी कमिटीचे भगवानराव फेरी मारायचे, प्रत्येक खेळ स्वतः एकदा खेळायचे, आणि ज्याचा खेळ धड चालेल त्याला देवळाच्या पायऱ्यांजवळची जागा द्यायचे. बाकीच्यांनी बसायचं मागं, ओढ्याच्या कडेला, जिथं माणूस फक्त आडोशाला जातो. तिथं बसलेला खेळवाला पुढच्या वर्षी दिसत नसे. यंदा ती जागा गेली तर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणं आलं, हे सत्यशीला जाणून होती. लग्नानंतरचे तीन हंगाम तिनं ऊस तोडलाच होता.

जत्रेच्या आदल्या दुपारी सुग्रीवनं मशीनवरची ताडपत्री काढली, बटण दाबलं आणि पडद्यावरचा पहिलवान जांभळ्या डोक्याचा निघाला. वरचा कोपरा जांभळा, त्याखाली हिरवट ओघळ, आणि बाकी पडदा अगदी पहिल्यासारखा.

आता यात नवं काय घडलं होतं म्हणाल, तर एकच. परवा दुसऱ्या गावच्या जत्रेहून येताना मांजरसुंब्याच्या रस्त्यावर मशीनवरचा मारुती सारखा खाली पडत होता. रस्ता दुरुस्त होण्याची वाट बघण्याइतका सुग्रीव भोळा नव्हता. त्यानं डीजेच्या फुटक्या स्पीकरमधलं भाकरीएवढं लोहचुंबक काढून मूर्तीखाली चिकटवलं, मशीनच्या माथ्यावर पत्रा ठोकला आणि त्यावर देव बसवला. आता टेम्पो उलटला असता तरी देव हलला नसता.

सुग्रीवनं पहिला इलाज केला: मशीनला कडेनं चापट मारली. मग दुसऱ्या कडेनं. मग मागचं दार उघडून लाल, हिरव्या, निळ्या तारांची अदलाबदल केली. पहिलवान हिरवागार झाला.

"सुधारतंय," सुग्रीव म्हणाला.

"कोपरा जांभळाच हाय की," सत्यशीला म्हणाली.

"तुला काय कळतंय? रंगाला येळ लागतो."

तेवढ्यात बंकट आला. बंकट पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचा. यंदा त्यानं हवा भरून उभा राहणारा रबरी किल्ला आणला होता, पोरांनी उड्या मारायचा. त्याचाही डोळा पायऱ्यांजवळच्या जागेवर होता. त्यामुळं त्याचं निदान अत्यंत निःपक्षपाती होतं.

"ट्यूब गेली बे," तो आत न बघताच म्हणाला. "आता मिळत न्हाई कुठं. भंगारात घाल."

"कावून जाईल? परवापर्यंत चांगली व्हती."

"मानूस बी परवापर्यंत चांगला असतो."

बंकट सांत्वन करून गेला. सुग्रीवनं घाबरून आतल्या सगळ्या गोल खुंट्या पिळल्या. पहिलवान निळा झाला, मग लाल, मग दिसेनासाच झाला. रंग कितीही बदलले तरी कोपऱ्यातला डाग मात्र ठाण मांडून होता. आत हात नीट जावा म्हणून सुग्रीवनं मारुतीला नमस्कार करून उचललं आणि पडद्याच्या डाव्या अंगाला स्टुलावर ठेवलं. डाग वरच्या कोपऱ्यातून निघाला आणि डावीकडं येऊन बसला.

सत्यशीलानं चहा ठेवायचा थांबवला. ती उठली आणि धूळ पुसायच्या निमित्तानं स्टूल हळूच पुढं सरकवलं. डागही पुढं सरकला. मागं ओढलं, तर फिका पडला.

आता सांगायचं कसं? नवऱ्यानं चुंबक लावून बसवलेल्या देवामुळं मशीन बिघडलं म्हणावं, तर नवराही दुखावणार आणि देवही. देव एक वेळ समजून घेईल.

"अहो," ती म्हणाली, "उद्या शनिवार. मारुतीला तेल घालावं लागंल."

"मग घाल की."

"घालते. पण तेल गळून आत तारांवर पडलं म्हंजे?"

सुग्रीव गंभीर झाला. मोटारी जाळलेल्या माणसाला तेल आणि वीज यांचं नातं चांगलं ठाऊक होतं. "मी तेच म्हननार व्हतो," तो म्हणाला. "देव मशीनवर नगं. लांब ठिव."

"आपल्या मंडपाच्या लोखंडी खांबाला बसवू का? चुंबक हायच तुमचं. गिऱ्हाइकाला येतानाच दर्शन."

"डोस्कं लागतं असं चुंबक लावायला," सुग्रीव म्हणाला, आणि ते कुणाचं हे त्यानं तिच्या समजुतीवर सोडलं.

मग त्यानं तारा जागच्या जागी लावल्या. लाल तार लाल खुणेलाच लावायची एवढी अक्कल कारखान्यानं तारेतच भरून ठेवली होती, म्हणून जमलं. खुंट्या मात्र सत्यशीलानं समोर उभं राहून फिरवून घेतल्या. "अजून थोडं. त्याला कावीळ झाली. आता बरा हाय. आता हात लावू नका, हात जोडते." मशीन बंद करून तिनं ते रात्रभर गार पडू दिलं.

सकाळी मारुती खांबावर तेलानं चकाकत होता. भगवानराव आले, बंकटच्या किल्ल्यात दोन उड्या मारून धोतर सावरत इकडं वळले. सुग्रीवनं बटण दाबलं. आतून घूंऽऽ आवाज आला, पडदा क्षणभर थरथरला आणि पहिलवान माणसाच्या रंगाचा होऊन उभा राहिला, चारी कोपरे स्वच्छ. भगवानराव लगेच मार खाऊन हरले.

"लई जोरात हाणतंय," ते खूश होऊन म्हणाले. "बसा पायऱ्यांजवळ."

बंकटनं मान लांब करून विचारलं, "काय केलं बे?"

"शनिवारचं तेल," सुग्रीव म्हणाला. "श्रद्धा लागती." दुपारपर्यंत जत्रेतल्या आणखी दोघांनी त्याला आपापले बिघडलेले टीव्ही कसे बरे करायचे ते विचारलं, आणि त्यानं दोघांनाही तेल सांगितलं.

संध्याकाळी रांग थोडी ओसरल्यावर तो सत्यशीलाजवळ येऊन म्हणाला, "एवढा पावनारा देव खांबावर कशाला? पुढल्या जत्रंत मशीनवरच बसवू, पडद्याच्या बरोब्बर मधी. चुंबक आनखी मोठं."

"बसवू की," ती म्हणाली. "पन पोरं खेळताना पाय आपटतात, मशीनला लाथा घालतात. देवाला चालंल?"

सुग्रीव विचारात पडला. विचार करताना तो मोठा भारदस्त दिसायचा. म्हणून तिनं त्याला हवा तेवढा वेळ दिला आणि स्वतः पुढच्या पोराला खेळायला लावलं.