बाबूजींच्या ओठावरचा गोल

मार्चमधल्या एका शनिवारी बाबूजींना स्कूटीवर मागे बसवून सदर बाजारात नेलं. सराफांच्या दुकानांपलीकडे वाद्यांचं एक दुकान आहे, तिथे त्यांच्या ट्रम्पेटसाठी माउथपीस, म्हणजे ओठाला लावून फुंकायची ती पितळी वाटी, बघायचा होता.

बाबूजी म्हणजे माझे वडील, रेल्वेतून रिटायर झालेले. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीत सलामीची धून सगळ्यांत पुढे उभं राहून तेच वाजवत आले... यंदा हिवाळ्यात समोरचे दात गेले आणि कवळी आली. जुना माउथपीस ओठाला लावला की दुखायचं, आणि निघायची नुसती हवा. ट्रम्पेट पेटीत गेलं. त्यानंतर घरात त्यांचं बोलणंच कमी झालं.

मग मीच शहाणपणा करून मोबाइलवरून एक नवा माउथपीस मागवला. चपलेसारखंच, नंबर मोठा म्हणजे माप मोठं, असं धरून चालले... आला तो आधीपेक्षाही लहान!

"बाई, याच्यात नंबर वाढला का वाटी लहान होते," बाबूजी म्हणाले आणि हसले. किती दिवसांनी हसले होते.

दुकानात ते एकेक माउथपीस ओठाला लावून फुंकायचे, मग आरशात ओठावर उठलेला गोल निरखायचे. माप नीट बसलं का ते बघायची त्यांची जुनी पद्धत. शेवटी मोठ्या वाटीचा, रुंद काठाचा एक बरोबर बसला. सूर असा भरदार आला की दुकानदार "वाह चाचा!" म्हणाला.

मग त्यांनी सलामीची धून धरली... आणि वरच्या सुरापाशी आवाज फाटला. परत धरली, परत फाटला. लहान वाटीत वरचा सूर मिळतो, पण ओठ सोसत नाही. मोठी वाटी ओठ सोसतो, तर वरचा सूर हाती लागत नाही. माझे डोळे भरून आले.

"रडून काहून राहिली? हाच घे. पुढं आता दुसरं कोणी वाजवन. मी मागून खालचा सूर धरतो."

जयंतीला ते खरंच मागच्या रांगेत उभे होते. निळ्या झेंड्यांच्या त्या गर्दीत मी कान देऊन ऐकत राहिले, पण त्यांचा सूर काही वेगळा ओळखू आला नाही. फार वाईट वाटलं... अजून वाटतं.

घरी आल्यावर आईने चहा पुढे केला. बाबूजी आरशासमोर होते. ओठावर नवा, मोठा गोल उठला होता. "थांब जरा," म्हणाले.

तो गोल मावळेपर्यंत त्यांनी कप ओठाला लावला नाही. चहा पार गार झाला... आणि आम्हा दोघींपैकी कोणीच त्यांना घाई केली नाही.