डाव्या खिशातला फोन

रविवारी सकाळी मोबाईल टॉवरचं रेडिएशन मोजायला सरकारी माणसं आमच्या गच्चीवर आली... आणि खरं सांगतो, मला फक्त झोपायचं होतं. इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी म्हणजे ज्याला मीटिंगमध्ये वेळेवर 'नाही' म्हणता आलं नाही तो.

टॉवर समोरच्या बिल्डिंगवर आहे. ग्रुपवर रोज कुणीतरी घाबरवणारा व्हिडिओ टाकतं, मग मीटिंग, मग सह्या, मग पुन्हा मीटिंग. अर्ज करायचा मी, हेलपाटे घालायचे मी, आणि 'अजून काहीच कसं झालं नाही' हेही मीच ऐकायचं.

पण या वेळी मी मनापासून धावपळ केली होती. माझ्या वडिलांना, आबांना, गेल्या वर्षी पेसमेकर बसवला. त्यांच्या खोलीची खिडकी नेमकी त्या टॉवरकडे उघडते... रोज कामावरून दमून आलो की आधी तो टॉवर दिसायचा.

मोजायला एक इंजिनिअर मॅडम आल्या होत्या, सोबत एक सहकारी. मीटर काढायच्या आधी त्यांनी सगळ्यांना आपापले फोन बंद करायला सांगितलं. आम्ही केले. आबा जरा मागे उभे होते, त्यांनीही मान हलवली.

गच्चीच्या चारही कोपऱ्यांत मोजून झालं. आकडा मर्यादेच्या बराच खाली... दोघातिघांचे चेहरे चक्क पडले. इतक्या मीटिंगा केल्या, निदान थोडं तरी रेडिएशन निघायला हवं होतं असं काहीसं.

एकानं तरीही टॉवर हलवाच असा हट्ट धरला. मॅडमनी शांतपणे समजावलं, की टॉवर लांब गेला की रेंज कमी होते, आणि रेंज कमी असली की तुमचा हातातला फोन जास्त जोर लावतो, म्हणजे त्याचंच रेडिएशन वाढतं. हे कुणाला फारसं आवडलं नाही. लोक हळूहळू नाश्त्याला पांगले.

मी मात्र मॅडमना म्हटलं, एकदा आमच्या आबांच्या खोलीतही मोजा. त्या दमल्या होत्या, मीही दमलो होतो, पण सहकाऱ्याला घेऊन आल्या. आबा कॉटवर बसले. मीटर त्यांच्या शेजारी धरलं... आकडा गच्चीवरच्यापेक्षाही कमी. कित्येक महिन्यांनी मला जरा मोकळा श्वास घेता आला.

आणि तेवढ्यात आकडा झपकन वर गेला.

मॅडमनी इकडे तिकडे बघितलं. माझा फोन बंद, त्यांचे बंद. आणि आबा शर्टाच्या डाव्या खिशातून आपला फोन काढत होते. गावाहून त्यांच्या चुलतभावाचा आला होता. 'हां, बोल रे,' म्हणून ते मोठ्यानं बोलायलाही लागले.

त्यांचं बोलणं संपेपर्यंत मॅडम थांबल्या. मग मला हळूच विचारलं, पेसमेकर कुठल्या बाजूला आहे? मी म्हटलं, डावीकडेच. त्या म्हणाल्या, मी डॉक्टर नाही, पण फोन तिथे ठेवू नका एवढं नक्की सांगितलं असेल ना तुम्हाला.

सांगितलं होतं. डिस्चार्जच्या वेळीच सांगितलं होतं, की फोन पेसमेकरपासून निदान वीतभर लांब हवा, आणि उजव्या कानालाच लावायचा. मी ते आबांना कितीदा तरी बजावलं होतं आणि त्यांनी दर वेळी मान हलवली होती.

मला राग आवरला नाही. परक्या माणसांसमोर मी ओरडलोच, की आबा, आम्ही तुमच्यासाठी त्या टॉवरशी भांडतोय आणि तुम्ही हे छातीवर घेऊन फिरताय?

त्यांनी फोन हातातच धरला होता. म्हणाले, "रिंग ऐकू येत नाय रे आता. इथं ठेवला की थरथरतो, मग कळतं."

मग खाली बघत म्हणाले, "तू दुपारी ऑफिसातून फोन करतो ना. नाय उचलला का घरी येऊन किती बोलतो..."

मॅडमनी मीटर बॅगेत ठेवलं. जाताना आबांना वाकून नमस्कार केला आणि मला म्हणाल्या, रिपोर्ट पाठवते. मला त्या रिपोर्टचं आता काही वाटत नव्हतं. आबांना ऐकू येत नाही हे मला, त्यांच्याच घरात राहणाऱ्या मुलाला, कळलं नव्हतं... मान हलवतात म्हणजे ऐकलं असं धरून चाललो होतो. इतका थकवा आला की तिथेच कॉटवर त्यांच्या शेजारी बसलो.

आता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. आबांचा फोन टेबलावर असतो. बाहेर जाताना कमरेच्या पाऊचमध्ये, उजवीकडे. आबांना ते पाऊच अजिबात आवडलेलं नाही, कंडक्टरसारखं दिसतं म्हणतात.

काल दुपारी ऑफिसातून फोन केला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावायला बोट गेलं होतं, शेजारच्या वहिनींना बघायला पाठवावं असंही आलं मनात... पण फोन उलटा ठेवला आणि बसून राहिलो. मागवलेला चहा तसाच गार झाला.

बऱ्याच वेळानं त्यांचाच फोन आला. मटार सोलत होते म्हणे, फोन आत राहिला होता. मग जरा बिचकतच विचारलं, "काय काम होतं का?"

काम काहीच नव्हतं... रोजच नसतं. त्यांचा आवाज ऐकायचा असतो, बस. हे मी आजवर त्यांना कधी सांगितलं नव्हतं, काल मोठ्यानं, दोनदा सांगितलं. अख्ख्या ऑफिसनं ऐकलं.