लोढण्याची गाय

अल्लीपूरच्या शाळेत इंग्रजीला नागपूरहून नवे सर आले होते. शब्द नुसता पाठ करून घेणं त्यांना पटायचं नाही. त्याचं कूळ सांगितल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. हिवाळ्यात वर्ग बाहेर उन्हात भरायचा. समोरच आखर, म्हणजे गावची गुरं सकाळी गोळा व्हायची ती जागा. त्या दिवशी धड्यात शब्द निघाला 'इग्रीजस'.

"कळपातून बाहेर काढलेला," सर म्हणाले. मूळ लॅटिन. आधी शंभरात उठून दिसणाऱ्या माणसाला म्हणत. पुढे लोक तो शब्द कुचेष्टेनं वापरू लागले, आणि आता ज्याचा वाईटपणा दुरूनही डोळ्यांत खुपतो त्यालाच म्हणतात. एवढं सांगून त्यांनी छडी आखराकडे केली. "त्या कळपात इग्रीजस कोण, सांगा बरं?"

हे सांगायला इंग्रजी कशाला हवं! एकाच गाईच्या गळ्यात लोढणं होतं. कळप सोडून लोकांच्या तुरीत घुसणाऱ्या गुराच्या गळ्यात आमचा गायकी, म्हणजे गावचा गुराखी, बाभळीचा ओंडका बांधायचा. पळालं की तो गुडघ्यांवर आपटायचा. "ते लोढन्याची!" सगळा वर्ग ओरडला. मीही ओरडले, जरा जास्तच मोठ्यानं. गाय आमची होती.

वर्गात मुली तिघीच. एक कारकुनाची, एक दुकानदाराची आणि तिसरी मी, जिच्या घरची चूल दूध विकून पेटायची. त्या दोघींनी मला नुकतंच आपल्यात घेतलं होतं, डब्यातलं लोणचं देऊ लागल्या होत्या. गाय कोणाची हे त्यांना कळू नये, एवढंच मी देवाजवळ मागत होते.

पण गाईनं माझा आवाज ओळखला. रोज सकाळी तिला सरकीची ढेप मीच चारायची. मान वर करून ती कळपातून निघाली, ओंडका गुडघ्यांवर आपटत थेट आमच्या रांगेपाशी आली आणि माझ्या हाताला नाक लावून उभी राहिली.

"तुमची हाय का व हे?" दुकानदाराच्या मुलीनं विचारलं.

मी हात परकरात लपवले. "मले काय मालूम?"

सगळे हसले, सरसुद्धा. गायकी येऊन तिला हाकलू लागला, तरी ती वळून वळून बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा वाटलं, लोक हसले म्हणून.

संध्याकाळी आई जवळजवळ रिकामी चरवी घेऊन गोठ्यातून बाहेर आली. "आज पान्हा चोरला हिनं. आखरावर कोनं मारलं का व हिले?"

"नाई," मी म्हणाले. खरंच कोणी मारलं नव्हतं.

"मंग तू जाय. जरा हात फिरवजो. तुयं आयकते ते."

मी गेले. लोढण्यासकट मान तिनं माझ्याकडे लांब केली, अगदी सकाळसारखीच. मला तिच्याकडे बघवेना.