एकशे नव्वद, एकशे वीस
दंडावर पट्टा आवळला की कबनूरचा तो दवाखाना आठवतो. मी तेव्हा कॉलेजात होते. यंत्रमाग चालवणाऱ्या माझ्या वडिलांचा रक्तदाब मोजून डॉक्टर म्हणाले, “एकशे नव्वद, एकशे वीस. वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा, खालचा ते सैल पडतं तेव्हाचा. दोन्ही फार आहेत. गोळी रोज घ्या.” बाहेर आल्यावर वडील मला म्हणाले, “मला कायबी होत न्हाय, गोळी कशाला? मी घेत न्हाय हे आईला सांगू नगंस.” आई रोज विचारायची, “गोळी घेतली का गं त्यांनी?” मी “व्हय” म्हणायचे. दोन महिन्यांनी ते मागाजवळच कोसळले. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. पुढं सहा वर्षं, ते जाईपर्यंत, आईनंच त्यांना भरवलं. “रोज गोळी घेऊनबी असं कसं झालं गं?” ती अजून विचारते. मी अजून खरं सांगितलेलं नाही.