खिडकीतली कुंभारीण

मुलीच्या प्रगतिपुस्तकावर सही करायला शाळेत गेले होते. चौथीच्या वर्गात बाई कीटकांचा धडा शिकवत होत्या, म्हणून दाराशीच थांबले. खिडकीच्या चौकटीवर एक कुंभारीण माशी ओल्या मातीची गोळी आणून थापत होती, पुन्हा उडत होती. माझी मीरा तिच्याकडे इतकी टक लावून बघत होती, की डोळ्यांवर आलेली बट सारायचंही तिला भान नव्हतं.

"मीरा, लक्ष कुठंय? हाताची घडी, तोंडावर बोट!" बाई कडाडल्या आणि फळ्याकडे वळून लिहू लागल्या, 'कीटकाला सहा पाय असतात.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. धड्यातला कीटक खिडकीत जिवंत बसलेला, आणि अख्ख्या वर्गात ज्या एकीचं त्याच्याकडे लक्ष, तिलाच लक्ष नाही म्हणून दटावायचं? नुसती मान सरळ ठेवली की झालं शिकून? अशा किती माना आपण रोज सरळ करत असतो!

तास संपला. मीरा बाहेर आली. रागातच मी विचारलं, "काय बघत होतीस गं?"

तिनं माझा चेहरा पाहिला आणि मुकाट्यानं हाताची घडी घातली. "आता नाही बघणार, आई."