कुंकू लावलेली फ्लॉपी

आधीच सांगतो, अशा गोष्टींच्या बाबतीत मी अगदी कोरडा माणूस. नवी गाडी अमावास्येला घरी आणलेली आहे, बायकोचा विरोध पत्करून. पण गेल्या वर्षी कासारवाडीत, भर दुपारी, चहाचा कप हातात असताना जे पाहिलं... त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

मामांचं तिथे छोटं वर्कशॉप. तरुणपणी मी आणि माझा दोस्त सलीम तिथेच कामाला होतो. कोटेशन टाइप करायला मामांनी एक सेकंडहँड कॉम्प्युटर घेतला होता. हिरवी अक्षरं, हार्ड डिस्क नाही, सगळं फ्लॉपीवर. थेरगावच्या एका क्लासमधून गेम हातोहात यायचे, कुणी बनवले कुणालाच ठाऊक नसायचं. सलीमला मात्र स्वतःचा गेम हवा होता. जेवणाच्या सुट्टीत बसून त्याने तो लिहिला. ठिपक्यांचा एक कामगार सायकलवरून काळेवाडीतून निघतो आणि म्हशी चुकवत भोंग्याच्या आत कंपनी गाठतो. लेव्हल दोन, फ्लॉपी एकच.

मग आली खंडेनवमी. लेथ, ड्रिल, पाने, सगळ्यांना हळदकुंकू. पूजा माझ्याकडे. माझा उत्साह असा की फ्लॉपीलाही ओलं कुंकू लावलं, तेही नेमकं आतली तबकडी दिसते त्या उघड्या खिडकीवर... वर नारळाचं पाणी.

सलीमने फ्लॉपी उचलून पाहिली, परत ठेवली. चपला घातल्या आणि गेला. पुढे चाकणला नोकरी धरली. मग लग्नकार्यात भेटलो तर "बरंय ना?" एवढंच. पूजेतली वस्तू टाकायची कशी, म्हणून मामांनी फ्लॉपी देवाच्या फोटोमागे ठेवून दिली.

गेल्या वर्षी वर्कशॉप हलवताना ती सापडली. माळ्यावरचा कॉम्प्युटरही. मला हल्ली जुने गेम शोधून चालवायचा नाद. मशीन साफ केलं, ते सुरू झालं. मी धीर करून सलीमला फोन लावला.

तो आला. दाढी पांढरी. फ्लॉपीवरचा लाल डाग बघून म्हणाला, "विज्या, अजून सौभाग्यवती आहे रे ही."

फ्लॉपी आत सरकवली. खरखर... आणि सायकल आली. आम्ही दोघं पन्नाशीचे बाप्ये, एकमेकांना कोपरं मारत बसलो.

"डावीकडे घे राव, म्हैस आली."

"म्हैस तूच सोडलीस, तूच चुकव."

दुसरी लेव्हल संपली, भोंगा वाजला. मी टाळ्या वाजवल्या. तर स्क्रीनवर पुन्हा सायकल. आता उलट दिशेने, घराकडे. शेवटी एक दार, दारात ठिपक्यांचा माणूस, हातात डबा. सायकल थांबली, माणसाने हात वर केला. स्क्रीन काळी.

"तिसरीपण केली होतीस?" मी विचारलं.

सलीमच्या हातातला चहा निवला होता. "न्हाई. ती करायची होती. त्या खंडेनवमीनंतर."

"विसरला असशील."

"ते अब्बा आहेत, विज्या. रात्रपाळी करून यायचे, पण मी घरी यायच्या वेळी दारात उभे असायचे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हे विसरेन होय मी?"

आम्ही पुन्हा सुरू केला. फ्लॉपी वाचता येत नाही, असं मशीन म्हणालं. नंतर दहा वेळा तेच. कव्हर उकलून पाहिलं तर आतल्या तबकडीवर कुंकवाचं पापुद्र्यासारखं कवच. जाणकारांना दाखवली, त्यांच्या मते ती वाचली जाणंच शक्य नव्हतं.

मी विसरण्याची, भासाची, उन्हाची सगळी कारणं लावून पाहिली. एकही बसत नाही. सलीम कारण शोधतच नाही.

यंदा खंडेनवमीला तो सकाळीच नव्या वर्कशॉपवर हजर. खिशातून कुंकवाची पुडी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "लाव तिला. चौथी लेव्हल सुचलीय."